कढीलिंबाचे बी का रुजले नाही?

भाजीवाल्याकडून कोथिंबिरीबरोबर मिळणारी कढीलिंबाची काडी तुम्ही सर्वांनीच पाहिली आहे. आमटीतून वेचून ताटाच्या कडेला ठेवलेली त्याची पानेही तुमच्या परिचयाची आहेत! पण कढीलिंबाचे फूल तुमच्यापैकी किती जणांनी पाहिले आहे? उन्हाळ्यात फांदीच्या टोकाला पांढऱ्या, लहान, सुवासिक फुलांचे झुपके येतात. पावसाळ्यात त्या जागी फळांचे घोस लागतात. फळे आधी हिरवी असतात, मग लालसर होतात आणि पिकली की करवंदासारखी काळीभोर, चकचकीत दिसतात. प्रत्येक फळात बहुधा एक, क्वचित दोन बिया असतात.

कढीलिंब हा लिंबू आणि संत्र्याच्या कुळातला आहे. त्याचे एक पान उजेडासमोर धरा आणि भिंगातून पाहा. पानभर बारीक, पारदर्शक ठिपके दिसतील. त्या तेलाच्या ग्रंथी आहेत. पान चुरगळले की त्या फुटतात आणि वास सुटतो. बागेत कुंपणाला लावतात ती कुंती हीसुद्धा याच कुळातली. संध्याकाळी दरवळणारी पांढरी फुले आणि नंतर लाल फळे, असा तिचा थाट असतो.

ही झुडपे बियांपासून कशी वाढवावीत, हे या लेखात आपण पाहणार आहोत. पण त्याआधी मी स्वतः ती कशी वाढवू शकलो नाही, ते सांगतो. कारण खरा धडा तेथेच आहे.

एका चुकीची हकिकत

आमच्या गावच्या घराच्या परसात कढीलिंबाचे एक जुने झाड होते. ते माझ्या आजीने लावलेले. त्याच्या पानांना इतका वास होता की, शेजारीपाजारी फोडणी टाकण्यापूर्वी आमच्याकडे मुलांना पिटाळीत. काही वर्षांपूर्वी ते घर विकायचे ठरले. नवीन मालक तेथे इमारत बांधणार होते, म्हणजे झाड जाणार हे उघड होते. आई म्हणाली, “घर गेले तर जाऊ दे. पण त्या कढीलिंबाचे एखादे रोप तरी आपल्या दारात लाव.”

श्रावण महिना होता. झाडावर काळी फळे लटकली होती. मी ओंजळभर फळे तोडली, बिया काढल्या आणि आपल्याकडे पूर्वापार जे करतात तेच केले. बिया सुपात पसरून, ऊन पडेल त्या त्या दिवशी उन्हात वाळवल्या. खडखडीत झाल्यावर राखेत घोळून काचेच्या बरणीत भरल्या. झाकण घट्ट लावले. वाल, भोपळा, दोडका यांचे बी आमच्या घरी असेच ठेवले जाई आणि दरवर्षी बिनचूक रुजे. पुढच्या मृगात पेरायचे, असा माझा बेत होता.

दिवाळीनंतर घर गेले, झाड गेले. जूनमध्ये मी चाळीस बिया कुंड्यांत पेरल्या. आई रोज सकाळी कुंड्यांशी जाऊन बसे. पंधरा दिवस गेले, महिना गेला, दोन महिने गेले. चाळीसपैकी एकही बी रुजली नाही. माती उकरून पाहिली, तर बिया आतून तपकिरी आणि भुसभुशीत झालेल्या. आईने फक्त एवढेच विचारले, “अरे, इतके शिकवतोस मुलांना, मग तुझे बी का नाही रे रुजले?”

भौतिकशास्त्राच्या माणसाला या प्रश्नाचे उत्तर देता येईना. मी आमच्या महाविद्यालयातील वनस्पतिशास्त्राच्या सहकाऱ्यांकडे गेलो. बरणीची हकिकत ऐकताच ते म्हणाले, “बी पेरताना मेले नाही. ते तुम्ही सुपातच मारलेत.”

बी म्हणजे काय?

बी म्हणजे खोक्यात बंद केलेले एक लहानसे रोप. त्यात भ्रूण असतो, त्याची शिदोरी असते आणि वरून बीजावरण असते. भ्रूण जिवंत असतो. आता प्रश्न असा की, जिवंत वस्तू वाळवली तर ती मरते. मग गहू, वाल, भोपळा यांच्या बिया वाळवल्यावर मरत कशा नाहीत?

याचे कारण, या बिया वाळण्याची तयारी झाडावर असतानाच करतात. बी पक्व होत आले की तिच्या पेशींत विशिष्ट शर्करा आणि विशिष्ट प्रथिने साठू लागतात. पाणी कमी होऊ लागले की ही द्रव्ये पेशीतील नाजूक पटलांना आधार देतात. पाणी आणखी कमी झाले की पेशीतील द्रव दाट, अधिक दाट होत शेवटी काचेसारखा बनतो. काचेतील रेणू स्फटिकासारखे शिस्तीने मांडलेले नसतात. पण त्यांना जागेवरून हलताही येत नाही. रेणू हलू शकले नाहीत, तर रासायनिक क्रिया अतिशय मंदावतात. जणू पेशीतले घड्याळ थांबते! पाणी मिळाले की ‘काच’ विरघळते आणि घड्याळ पुन्हा चालू होते.

अशी बी किती काळ जिवंत राहते? अमेरिकन शास्त्रज्ञ हॅरिंग्टन यांनी यासाठी एक सोपा आडाखा दिला आहे. बीमधील आर्द्रता १ टक्क्याने कमी केली की तिचे आयुष्य सुमारे दुप्पट होते. साठवणीचे तापमान सुमारे ५ अंश सेल्सियसने उतरवले की ते पुन्हा दुप्पट होते. (हा आडाखा साधारण ५ ते १४ टक्के आर्द्रतेच्या टप्प्यात लागू पडतो.) आता गणित करा. आर्द्रता १४ टक्क्यांवरून ९ टक्क्यांवर आणली, तर पाच वेळा दुप्पट, म्हणजे ३२ पट. तापमान ३० अंशांवरून २० अंशांवर आणले, तर आणखी ४ पट. एकूण १२८ पट! चुलीवरच्या शिंक्यात बी टांगणाऱ्या आपल्या आजीला हे गणित ठाऊक नव्हते, पण कोरड्या बियांचा अनुभव मात्र होता.

इस्राएलमधील मसाडा येथील उत्खननात सापडलेली, सुमारे २,००० वर्षांपूर्वीची खजुराची एक बी २००५ मध्ये रुजली, ती या कोरडेपणाच्या बळावरच. नॉर्वेच्या स्वालबार्ड बेटांवर २००८ मध्ये उघडलेल्या जागतिक बीजकोठारात बिया सुकवून उणे १८ अंशांवर ठेवतात, त्यामागेही हेच तत्त्व आहे.

दुसऱ्या जातीच्या बिया

परंतु सगळ्याच बिया अशा नसतात. ई. एच. रॉबर्ट्स या शास्त्रज्ञांनी १९७३ मध्ये बियांचे दोन गट पाडले. वाळवल्या तर टिकतात त्या ‘ऑर्थोडॉक्स’, म्हणजे रूढीप्रमाणे वागणाऱ्या. वाळवल्या तर मरतात त्या ‘रिकॅल्सिट्रंट’, म्हणजे हट्टी. पुढे १९९० मध्ये या दोहोंच्या मधला एक गटही मानला जाऊ लागला. कॉफीची बी त्या गटात येते.

हट्टी बिया वाळण्याची ती तयारी पुरेशी करीतच नाहीत. झाडावरून पडतानाही त्यांच्यात पुष्कळ पाणी असते. अनेकदा ३० टक्क्यांहून अधिक. त्यांच्या पेशी झोपलेल्या नसतात. त्यांचा श्वसनव्यापार चालू असतो आणि पुष्कळदा रुजण्याची पूर्वतयारीही सुरू झालेली असते. अशा पेशीतील पाणी काढून घेतले की पटले फाटतात आणि पेशीतील व्यवहार विस्कटतो. नंतर कितीही पाणी घातले तरी उपयोग होत नाही.

आंब्याची कोय, फणसाची आठळी, जांभळाची बी, कोकमाची बी या साऱ्या हट्टी गटातल्या. कढीलिंबाची बीही तशीच. उघडी ठेवली, तर सुमारे तीन आठवड्यांत तिची रुजण्याची शक्ती बरीचशी संपते. मी ती दहा महिने ठेवली होती!

या हट्टी बियांनी मोठमोठ्यांना जेरीस आणले आहे. १८७६ मध्ये हेन्री विकहॅम याने ब्राझीलमधून रबराच्या सुमारे ७०,००० बिया इंग्लंडमधील क्यू येथील उद्यानात पोचवल्या. रबराची बीही हट्टी आहे. प्रवास शक्य तितका जलद करूनही त्यांपैकी सुमारे २,७०० च रुजल्या, म्हणजे शंभरात जेमतेम चार. पण त्या रोपांतून आशियातील रबराच्या मळ्यांचा मोठा विस्तार झाला.

निसर्गाने असे का केले?

वाळवून टिकणारी बी ही सोय एवढी चांगली असेल, तर आंब्याने आणि कढीलिंबाने ती का सोडली? याचे एक उत्तर पंचांगात सापडते.

माळावरचे गवत आणि तेरडा आठवा. पाऊस संपता संपता, आश्विन-कार्तिकात त्यांच्या बिया पिकतात. त्यानंतर सात-आठ महिने कोरडे. या बियांना जूनपर्यंत तग धरणे भाग आहे. त्यांना वाळणे सोसता आले नाही, तर त्यांचा वंशच बुडेल.

आता आंबा, फणस, जांभूळ, कोकम आठवा. यांची फळे पावसाच्या तोंडावर पिकतात. कढीलिंबाची तर भर पावसात. फळ पडले की खाली ओली जमीन तयारच असते. थांबायचे कशाला? थांबायचे नसेल, तर वाळण्याची तयारी तरी कशाला करायची? त्यापेक्षा पाण्याने भरलेली, शिदोरीने लठ्ठ झालेली बी लगेच रुजली तर इतरांच्या आधी उजेड गाठते. अर्थात हा कल आहे, नियम नव्हे. चिंच उन्हाळ्यात पिकते, पण तिचा चिंचोका कठीण कवचात महिनोन्महिने टिकतो. तरीही एखादे फळ पावसातच पिकताना दिसले, तर त्याचे बी वाळवण्यापूर्वी थांबून विचार करावा.

बी कसे पेरावे?

आता प्रत्यक्ष कृती पाहू.

१. फळे पूर्ण काळी झालेली, मऊ अशीच घ्या. हिरवी किंवा लालसर नकोत.

२. फळाचा गर काढून टाका. गर राहिला तर रुजण्यास अडथळा होतो आणि बुरशी धरते. फळे पाण्यात तळहातांवर हलके चोळली की साल आणि गर सुटतात. आतील बीचे आवरण पातळ असते, म्हणून नखाने खरवडू नका. बी चावून पाहू नका, ती खाण्याजोगी नाही.

३. धुतलेल्या बिया पाण्यात टाका. बुडतात त्या ठेवा, तरंगतात त्या काढून टाका. भरीव बी पाण्याहून जड असते. किडीने पोखरलेल्या किंवा न भरलेल्या बीत हवा असते, म्हणून ती बहुधा वर येते. आर्किमिडीजचे तत्त्व येथेही कामाला येते!

४. त्याच दिवशी, फार तर दुसऱ्या दिवशी पेरा. माती, बारीक रेती आणि चांगले कुजलेले शेणखत समप्रमाणात मिसळा. कढीलिंबाचे सोटमूळ सरळ खाली जाते, म्हणून भांडे पसरट नको, खोल हवे. दुधाची रिकामी पिशवी खाली भोके पाडून चालेल. बी सुमारे १ सेंटिमीटर खोल पुरा.

५. पिशव्या अर्धवट सावलीत ठेवा. माती ओलसर असावी, चिखल नसावा. मातीच्या कणांमधील पोकळ्या पाण्याने भरून गेल्या की मुळांना हवा मिळत नाही आणि कोवळी रोपे बुडाशी कुजतात. बिया साधारणपणे दोन-तीन आठवड्यांत रुजू लागतात. काहींना अधिक वेळ लागतो.

६. रोप वीतभर झाले की मातीचा गड्डा न फोडता मोठ्या कुंडीत किंवा जमिनीत लावा. पहिला हिवाळा ते फारसे वाढणार नाही, म्हणून निराश होऊ नका. पानांवर पक्ष्याच्या विष्ठेसारखे काही दिसले, तर झटकण्यापूर्वी नीट पाहा. ती बहुधा लिंबावरच्या फुलपाखराची लहान अळी असते!

कुंती आणि करवंद यांच्या बाबतीतही ताजे बीच पेरावे. फळ पिकले की गर काढून त्याच आठवड्यात बी मातीत गेले पाहिजे.

बी दूर न्यायचे असेल, तर काय? गर काढून, ओलसर नारळाच्या भुशात घालून, बारीक भोके पाडलेल्या पिशवीत न्या आणि काही दिवसांतच पेरा. हवाबंद बरणी नको, कारण ही बी श्वास घेत असते. शीतकपाटही नको, कारण उष्ण प्रदेशातील पुष्कळशा हट्टी बियांना थंडीही सोसत नाही. अशा जातींचे जतन करायचे, तर भ्रूण वेगळा काढून उणे १९६ अंश तापमानाच्या द्रवरूप नायट्रोजनमध्ये ठेवण्यासारख्या खटपटी शास्त्रज्ञांना कराव्या लागतात.

करून पाहा

माझ्या सांगण्यावर विश्वास ठेवू नका, प्रयोग करा. शाळेच्या आसपास एखादे फळलेले झाड असेल, तर ७० चांगल्या बिया मिळवा. १० लगेच पेरा. उरलेल्या ६० चे दोन भाग करा. ३० बिया ताटात पसरून सावलीत वाळू द्या. ३० बिया ओलसर नारळाच्या भुशात ठेवा. सातव्या, चौदाव्या आणि एकविसाव्या दिवशी प्रत्येक भागातील दहा-दहा बिया पेरा आणि प्रत्येक गटात किती रुजल्या ते मोजा. ओल्या भुशातच कोंब फुटला, तर ती बी जिवंत म्हणून धरा.

दोन भाग कशासाठी? नुसत्या वाळवलेल्या बिया रुजल्या नाहीत, तर त्या जुन्या झाल्या म्हणून मेल्या की वाळल्या म्हणून मेल्या, हे कसे सांगणार? ओल्या भुशातील बियांचे वयही तेवढेच आहे. फरक फक्त पाण्याचा. दोन गटांत एकच गोष्ट वेगळी ठेवणे, हा प्रयोगाचा प्राण आहे. आणि दहाच बियांत एक बी इकडची तिकडे झाली तरी १० टक्क्यांचा फरक पडतो, म्हणून तीन-चार तुकड्यांनी प्रयोग करून आकडे एकत्र करावेत.

प्रयोगशाळेत तराजू असेल, तर वजनही घ्या. समजा, १० ताज्या बियांचे वजन ४ ग्रॅम आहे. सात दिवसांनी ते ३ ग्रॅम झाले. त्याच बिया नंतर १०३ अंशांच्या भट्टीत १७ तास ठेवल्यावर वजन २ ग्रॅम उरले. म्हणजे आरंभी ४ ग्रॅममध्ये २ ग्रॅम पाणी होते. आर्द्रता ५० टक्के. सात दिवसांनी ३ ग्रॅममध्ये १ ग्रॅम. आर्द्रता सुमारे ३३ टक्के. वजन चौथ्या हिश्शानेच घटले, पण पाणी मात्र निम्मे गेले! टक्केवारी वाचताना ‘कशाच्या टक्के?’ हे नेहमी विचारावे, ते एवढ्याचसाठी. (भट्टीतल्या बिया अर्थातच पेरायच्या नाहीत.)

आईच्या प्रश्नाचे उत्तर

आजीच्या झाडाचे पुढे काय झाले, हे सांगायचे राहिले. वनस्पतिशास्त्रातील सहकाऱ्यांकडून कारण समजल्यावर मी ते आईला सांगितले. तिने शांतपणे ऐकले आणि म्हणाली, “म्हणजे ते बी वाट पाहणारे नव्हतेच.” एवढे नेमके वाक्य मला पुस्तकात मिळाले नव्हते.

पुढच्या पावसाळ्यात काही कामासाठी गावी जाणे झाले. आमच्या जागी पाया खणला गेला होता. शेजारच्या काकूंनी चहाला बोलावले. त्यांच्या परसात, भिंतीलगतच्या रामफळाखाली वीत-दीड वीत उंचीची पाच-सहा रोपे दिसली. पान चुरगळले. तोच वास!

कढीलिंबाला मुळांपासून धुमारे फुटतात, हे मला माहीत होते. म्हणून एका रोपाच्या बुडाशी माती उकरून पाहिली. धुमारा असता, तर तो जाड आडव्या मुळाला जोडलेला दिसला असता. याला स्वतःचे सरळ सोटमूळ होते. रोप बियांचेच होते. काकू म्हणाल्या, “आम्ही नाही हो लावली. तुमच्या झाडावरची फळे खाऊन बुलबुल आणि कोकीळ याच रामफळावर येऊन बसत.”

पाहा, मी जे जे चुकलो, ते ते त्या पक्ष्यांनी बरोबर केले होते. पिकलेलेच फळ निवडले, गर काढला, वाळवले नाही, साठवले नाही आणि त्याच दिवशी ओल्या मातीत टाकले.

त्यातली दोन रोपे गड्ड्यासकट घेऊन आलो. एक जगले. आता ते माझ्या डोक्याहून उंच आहे आणि गेल्या उन्हाळ्यात त्याला पहिला फुलोरा आला. या श्रावणात फळे काळी झाली की मी ती तोडणार आहे आणि त्याच संध्याकाळी पेरणार आहे. आईने पिशव्या आधीच धुऊन ठेवल्या आहेत.